शालनताईच्या हातची कॉफी

"सायेब, काटा बघत बसलासा तर दूध जळंल की!"

शालनताई माझ्या मागे उभी होती. हाताला कणीक लागलेली. मी कॉफीच्या मशीनच्या वाफेच्या नळीखाली स्टीलचा जग धरून, त्यात खोचलेल्या थर्मामीटरकडे डोळे लावून उभा होतो. काटा साठावर आला की वाफ बंद करायची, एवढं मला व्हिडिओ बघून पाठ झालं होतं. काटा पन्नासच्या आसपास रेंगाळत होता आणि दूध मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं किंचाळत होतं.

"तुम्ही पोळ्या बघा," मी म्हणालो.

तिनं पदराला हात पुसला आणि सरळ जगाच्या बुडाला तळवा लावला. दोन-तीन क्षण तसाच ठेवला.

"आता. बंद करा."

तिच्या आवाजात असं काही होतं, की मी बंद केलं. थर्मामीटरचा काटा मात्र चढतच राहिला आणि बासष्टवर जाऊन थांबला.

"त्यो काटा मागनं येतोय," ती म्हणाली. "हाताला सोसंना झालं की समजायचं." आणि ती पोळपाटाकडे वळली.

ही दोन हजार सोळाची गोष्ट. आम्ही कोल्हापुरात ताराबाई पार्कात राहत होतो. मी मूळचा नाशिकचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीच्या खात्यात होतो. माझं काम म्हणजे ओतलेले सुटे भाग तपासायचे आणि सदोष असतील ते बाजूला काढायचे. चौदा वर्षं मी लोकांना त्यांच्या चुका दाखवत होतो. अशा माणसाला कारखान्यात कुणी कौतुकानं हाक मारत नाही.

आदल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी बारा दिवस इटलीला गेलो होतो. तिथे रोज सकाळी एका दुकानात उभ्यानं एवढ्याशा कपातली कॉफी प्यायचो. तिचं वेडच लागलं. परत आल्यावर पुण्यातल्या एका बंद पडलेल्या ऑफिसचं मशीन आणि ग्राइंडर घेऊन आलो. ओट्याची अर्धी जागा त्यांनी व्यापली. वृषाली, माझी बायको, म्हणाली, "पुरुषांनाही डोहाळे लागतात, हे माहीत नव्हतं." ती शाळेत शिकवायची. सकाळी पावणेसातला घराबाहेर पडायची. मग घरात मी, मशीन आणि सातला स्वयंपाकाला येणारी शालन चौगुले.

शालनताई उचगावची. पस्तिशीची असेल. आमच्याकडे चार वर्षं होती. तिच्या आईची गावात पिठाची गिरण होती, त्यामुळे तिचं बालपण पिठातच गेलेलं. नवरा आनंदा एका ठेकेदाराच्या दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. गावोगावच्या डेअऱ्यांवरून कॅन गोळा करून तो दूध संघाकडे पोचवायचा. म्हणजे दळण तिच्या माहेरचं आणि दूध सासरचं. मी वहीत ग्रॅम आणि सेकंद मांडत बसायचो, आणि ती चिमटीत कॉफीची पूड घेऊन बोटांवर चोळायची.

"आज लई बारीक काढलीया. पाणी उतरायचं न्हाई."

खरंच उतरायचं नाही. मशीन गुरगुरायचं आणि कपात काळे थेंब टपटपायचे.

"कसं कळतं तुम्हाला?"

"हवा बघा की किती दमट हाय. अशा दिवसांत आई गिरणीचा दगड जरा सैल करायची." मग मशीनकडे बघत म्हणाली, "मी करून बघू?"

कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. तीही म्हणायची, "मी करतो की, तुमी दाढी करून घ्या."

पहिले आठ दिवस मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो. हँडलमध्ये पूड किती भरायची, किती जोरानं दाबायची, एस्प्रेसो किती सेकंदांत उतरली पाहिजे. नंतर सूचना द्यायचं कारण उरलं नाही. म्हशीचं दूध दाट, त्याचा फेस नीट होत नाही, साबणासारखे मोठे बुडबुडे येतात, अशी माझी तक्रार होती. तिनं दूध आदल्या दिवशी तापवून फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी सगळी साय काढली, त्यात थोडं गाईचं दूध मिसळलं आणि गार गारच वाफेखाली धरलं. या वेळी दूध किंचाळलं नाही. पातळ कापड हळूच फाडावं तसा आवाज आला आणि थांबला. तिनं जग दोनदा ओट्यावर आपटला, गोल फिरवला आणि एस्प्रेसोवर ओतला. वरचा फेस ओल्या रंगासारखा चकाकत होता. मी घोट घेतला आणि मला तो इटलीतला उभा राहायचा कट्टा आठवला.

"जमली व्हय?" तिनं विचारलं.

"बरी झालीय," मी म्हणालो.

त्या कॉफीचं वजन, वेळ, दुधाचं प्रमाण सगळं मी वहीत लिहून ठेवलं. पुढेही लिहीत गेलो. तिचं नाव त्या वहीत एकदाही आलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मार्चमध्ये केतकीचा फोन आला. केतकी वृषालीची मामेबहीण. बंगळूरची नोकरी सोडून कोल्हापुरात परतली होती आणि राजारामपुरीत कॉफीचं दुकान काढायच्या तयारीत होती.

"दाजी, तुमच्याकडं मशीन आहे म्हणे. रविवारी येते. आपल्या दुधात कॅपुचिनो कशी होते ते मला बघायचंय. बंगळूरचं गणित इथं चालायचं नाही."

रविवारी शालनताईची सुट्टी असायची, पण पाहुणी येणार म्हणून वृषालीनं तिला पोह्यांसाठी बोलावलं. केतकी अकराला आली. मोकळी, मोठ्यानं हसणारी मुलगी, पण कॉफी तोंडात घेतली की एकदम गप्प व्हायची, डोळे मिटायची.

मी आधी एस्प्रेसो दिली. "छान," ती म्हणाली. मग त्यात गरम पाणी घालून अमेरिकानो दिली. "छान." मग कॅपुचिनो. कुणी बघत असलं की माझा हात बिघडतो. पहिला कप केला, बुडबुडे आले. दुसरा केला, त्यात दूध इतकं तापलं की उकळलेल्याचा वास यायला लागला. तिनं दोन्ही कप अर्धे ठेवले आणि म्हणाली, "म्हशीचं दूध कठीणच जातं, दाजी. मला वाटलंच होतं."

तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. एका भट्टीत बिघाड झाला होता. मी स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीकडे जाता जाता हळूच म्हणालो, "शालनताई, एक कॅपुचिनो लावा. मी आलोच."

फोन दहा मिनिटं चालला. परत आलो तर ओट्यावर कप तयार होता. शालनताई पोह्यांवर खोबरं भुरभुरत होती. मी कप उचलला आणि हॉलमध्ये नेऊन केतकीसमोर ठेवला.

तिनं घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. मग कप खाली न ठेवताच माझ्याकडे बघितलं.

"हा कुणी केला?"

आता विचार करताना वाटतं, त्या प्रश्नाचं उत्तर किती सोपं होतं. एक नाव. दार उघडंच होतं. पोह्यांच्या बश्या घेऊन शालनताई त्या दारातच येऊन उभी राहिली होती.

"मीच," मी म्हणालो.

"मग आधीचे दोन कुणी केले?" केतकी हसली.

"हात बसायला जरा वेळ लागतो," मीही हसलो.

शालनताईनं बश्या टीपॉयवर ठेवल्या आणि आत गेली.

केतकी सुटलीच. "दाजी, हे बंगळूरातपण मिळत नाही. तुम्ही शनिवार-रविवार माझ्याकडं यायचं. मुलींना शिकवायचं. कॉफीचं सगळं तुमच्या हातात, मी मध्ये बोलणार नाही." मी दुकान उघडल्यावर यायचं कबूल केलं. वृषाली माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत असं कौतुक मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ती पूर्ण वेळ हॉलमध्येच होती. तिला काय माहीत?

केतकी गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. शालनताई जग विसळत होती.

"आवडली व्हय त्यास्नी?"

"हो. खूप."

"मग झालं," ती म्हणाली. त्यात कुठे टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता.

दहा-बारा दिवसांनी, पोळ्या लाटता लाटता तिनंच विषय काढला. "सायेब, केतकीताईंच्या दुकानात बाया घेणार हाईत म्हणं. वैनी म्हणत हुत्या. मी इचारू का? दुपारचं काम हाय. तुमचा सकाळचा स्वयंपाक सोडत न्हाई मी."

मी म्हणालो, "बघू. मी बोलतो तिच्याशी."

शालनताई त्या मशीनपाशी उभी राहिली की पहिल्या कपालाच केतकीला सगळं कळणार होतं. ती डोळे मिटणार, घोट घेणार आणि तिला तो रविवार आठवणार. मी दोन दिवस बोललोच नाही. वाटलं, विषय आपोआप विरून जाईल. पण वृषालीनं परस्पर केतकीच्या कानावर घातलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी केतकीचा मला कारखान्यात फोन आला.

"दाजी, तुमच्या शालनताईंना माझ्याकडं यायचंय म्हणे. कशा आहेत? कॉफीचं काही येतं का त्यांना?"

"कामाला चांगली आहे," मी म्हणालो. "कॉफीचं... जग धुते, तेवढंच."

"शिकतील की. तुम्ही आहातच शिकवायला. घेऊ ना मग?"

एवढ्यावर ती थांबणार नाही, हे मला दिसलं. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसलाही अडथळा न येता बाहेर पडलं.

"घे, पण घरचं जरा बघ. नवरा पितो. उद्या दुकानात येऊन उभा राहिला तर तुझीच पंचाईत."

"अगं बाई. करतो काय तो?"

"दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे."

"पिऊन गाडी चालवतो?"

मी काहीच बोललो नाही. त्या न बोलण्याचा अर्थ तिनं लावून घेतला. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आनंदा चौगुले दारू पीत नव्हता. तो तंबाखूही खात नव्हता. हे मी नुसतं ऐकलेलं नव्हतं, त्याला जवळून पाहिलं होतं. आदल्या पावसाळ्यात शाळेच्या सुट्टीच्या दिवशी वृषाली जिन्यावरून पडली आणि तिचा पाय मोडला, तेव्हा मी कारखान्यात होतो आणि फोन उचलत नव्हतो. शालनताईनं नवऱ्याला कळवलं. त्यानं रस्त्यातच टेम्पो वळवला, दुधाचे भरलेले कॅन आमच्या गेटशी उतरवून ठेवले, वृषालीला उचलून गाडीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तो बाकावर तिची पर्स मांडीवर धरून बसला होता. त्या दिवशी उशीर झाल्याबद्दल त्याला बोलणी बसली असणार. त्यानं ते कधी सांगितलं नाही. अशा माणसाबद्दल मी ते बोललो होतो. फोन दोन मिनिटांचासुद्धा नव्हता.

मला वाटलं, झालं. शालनताईला नोकरी मिळणार नाही, आपली कामं आहेत तशी राहतील, कुणाचं फारसं नुकसान नाही.

पुढच्या सोमवारी शालनताई अर्धा तास उशिरा आली. डोळे सुजले होते. तिनं कणकेचा डबा काढला, परत ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आमच्या मालकास्नी गाडीवरनं उतरवलंय."

"का?"

"ठेकेदाराला केतकीताईंचा फोन आला हुता. दुकानाला दूध लावायचं म्हणून. बोलता बोलता म्हणं त्यांनी इचारलं, तुमचा चौगुले ड्रायव्हर पितो का म्हणून. ठेकेदारानं त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. म्हणाला, आधी चौकशी करतो, मग बघू." तिनं नाक पुसलं. "शनिवारपासनं घरात बसल्यात. जेवंनात. म्हणत्यात, माझ्या तोंडाला कधी वास आलाय का, सांग. आता मी काय सांगू? कोण असं बोललं असंल, सायेब?"

मी नळ सोडला आणि ग्लास भरला. प्यायचं नव्हतं, तरी भरला.

"काय माहीत," मी म्हणालो.

"तुमी ताईस्नी सांगा की. तुमचा शब्द त्या मानत्यात. आणि तुमी तर बघितलंयसा मालकास्नी, वैनीस्नी नेलं तवा." तिनं हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखा तिचा आवाज होता. "माझं कामाचं ऱ्हाऊ दे. मला नकोच ते. एवढं तेवढं सांगा."

"सांगतो. आजच सांगतो."

त्या दिवशी मी तीनदा केतकीचा नंबर काढला. आनंदा पीत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ती विचारणार, मग तुम्ही तसं का म्हणालात? आणि त्याचं उत्तर द्यायचं तर त्या रविवारच्या कपापर्यंत मागे जावं लागणार. मी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागे फेऱ्या मारत खोटी कारणं जुळवत होतो. माझी नावात गल्लत झाली. मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं होतं. प्रत्येक कारण मी तपासायचो आणि त्यात दोष सापडायचा. दोष शोधण्यात मी तरबेजच होतो.

मंगळवारी तिनं दारातच विचारलं, "बोललासा?"

"फोन लागला नाही."

बुधवारी विचारलं, "बोललासा?"

"ती बाहेरगावी आहे बहुतेक."

गुरुवारी तिनं विचारलं नाही. पोळ्या केल्या, भाजी केली, ओटा पुसला आणि वेळेआधीच निघाली. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगितलं पाहिजे.

शुक्रवारी सात वाजले, साडेसात वाजले, शालनताईचा पत्ता नाही. वृषाली केव्हाच शाळेत गेली होती. सव्वाआठला बेल वाजली. दार उघडलं तर ती उभी होती आणि तिच्या मागे आनंदा. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. त्यानं चपला जिन्यातच काढल्या.

"या," मी म्हणालो.

"हिनं सांगितलं, साहेबांनी कॉफीला बोलावलंय," तो संकोचून हसत म्हणाला. "म्हटलं, गाडी लावून जावावं."

मी शालनताईकडे बघितलं. तिनं माझी नजर चुकवली नाही.

"बसा की," ती नवऱ्याला म्हणाली आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून दिली. तो खुर्चीच्या कडेला बसला. मग तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि ती स्वतः बसली. चार वर्षांत त्या घरात मी तिला खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"सायेब करतील," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेलो. टेबलावरून ओटा सरळ दिसायचा. मी बिया दळल्या, हँडल बसवलं, दूध काढलं. त्या दिवशी साय कुणी काढली नव्हती. वाफ सोडली आणि दूध किंचाळायला लागलं. मला ते ऐकू येत होतं, तिलाही येत होतं. ती जागची हलली नाही. मी दोन कप नेऊन ठेवले. फेसावर मोठाले बुडबुडे फुटत होते. तिनं कपाला हात लावला नाही.

आनंदानं बशीसकट कप उचलला, फुंकर घातली, घोट घेतला. "कडू हाय जरा," तो म्हणाला, "पण ब्येस हाय." मग कप खाली ठेवून एकदम गंभीर झाला.

"साहेब, तुमचं उपकार कसं फेडायचं सांगा."

मला काही कळेना.

"काल सांजच्याला ठेकेदारानं बोलावून किल्ली दिली परत. म्हणाला, त्या केतकीताईंचा फोन आला हुता, चुकून भलतंच कायतरी कानावर आलं हुतं म्हणाल्या. ठेकेदारानं माफी मागितली हो माझी! ही म्हणाली, साहेबांनीच शब्द टाकला म्हणून झालं."

मी शालनताईकडे बघितलं. आता मला कळलं. आदल्या दिवशी ती लवकर निघाली होती, ती सरळ केतकीकडे गेली होती. केतकीनं तिला सगळं सांगितलं होतं. कोण बोललं होतं, तेही.

"सांगा की, सायेब," ती शांतपणे म्हणाली. "मालकांच्याबद्दल ताईस्नी काय म्हणाला हुतासा, ते. त्यास्नी तुमच्या तोंडनं ऐकायचंय."

आनंदा पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता. मशीनच्या नळीतून पाण्याचे थेंब ट्रेमध्ये पडत होते. मी खरं सांगू शकलो असतो. तिनं त्याचसाठी मला ती जागा करून दिली होती. दुसरी अशी जागा मला परत मिळणार नव्हती.

"मी म्हणालो..." मी तिचा न प्यालेला कप जरा बाजूला सरकवला. "मी म्हणालो, आनंदा चौगुले दारूला शिवत नाही. मी खात्रीनं सांगतो."

त्यानं दोन्ही हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. ते लपवायला तो हसला आणि कप परत उचलून संपवला.

"पण साहेब, ह्या तुमच्या कॉफीनं डोस्कं हलकं झाल्यागत वाटाय लागलंय बघा. ठेकेदारानं आत्ता बघितलं तर परत किल्ली काढून घील!"

आणि तो स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यानं हसला. मीही हसलो. या सगळ्यात मी जे जे केलं, त्यातलं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

शालनताई हसली नाही.

"तुमी व्हा खाली. मी आलो," ती त्याला म्हणाली. तो जिना उतरून गेल्यावर ती दारात थांबली.

"शालनताई, मी..."

"ताईंनी माझ्या हातची कॉफी पिऊन मला घेतलंय दुकानात. उद्यापासनं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला नको म्हणाला असतासा तरी चाललं असतं. हिला काय येत न्हाई म्हणाला असतासा तरी मी गप बसलो असतो. त्या दिवशी कपाचं बसलोच की गप. मालकास्नी कशाला वडलासा मधी?"

तिनं जिन्याकडे बघून आवाज आणखी खाली आणला.

"त्यास्नी म्या सांगितलं न्हाई. ते काय तुमच्यासाठी न्हवं. वैनीस्नी दवाखान्यात नेलं, ती गोष्ट ते अजून चार माणसांत सांगत्यात. साहेबांच्या उपयोगाला पडलो म्हणून. ते कशाला मोडू मी त्यांचं?" ती चप्पल घालायला वाकली. "आज भाजी झाली न्हाई. वैनीस्नी सांगा. आणि स्वयंपाकाला दुसरं कोणतरी बघा."

संध्याकाळी केतकीचा मेसेज आला. 'दाजी, शनिवार-रविवारी शिकवायला येऊ नका.' एवढाच. वृषालीला मी सांगितलं, की शालनताईला चांगलं काम मिळालं, म्हणून ती गेली. केतकीचा बेत बदलला, असंही सांगितलं. महिन्याभरानं ती एका लग्नात केतकीला भेटली. घरी आली, साडी बदलली, माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "खरं का?" मी हो म्हणालो. ती भांडली नाही. फक्त "मला उचलून नेलं होतं रे त्यानं," एवढंच म्हणाली. पुढे कित्येक दिवस ती सकाळी स्वतःपुरताच चहा करून घ्यायची.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. केतकीचं दुकान चांगलं चाललं. दुसरं निघालं, ते शालनताई बघते. नव्या मुलींना तीच शिकवते, असं वृषालीकडून कळतं. वृषाली तिथे जाते. मी गेलेलो नाही. त्या रस्त्यानं जायची वेळ आली तर पलीकडच्या गल्लीतून जातो.

गेल्या महिन्यात शिरोली नाक्यावर सिग्नलला थांबलो होतो. शेजारच्या रांगेत दुधाचा टेम्पो येऊन उभा राहिला. नवा, आनंदाच्या स्वतःच्या मालकीचा, दारावर त्याचं नाव रंगवलेलं. त्यानं मला बघितलं आणि गाडी तशीच सोडून खाली उतरला. केस पिकले होते. माझ्या काचेवर त्यानं टकटक केलं.

"साहेब! वळखलंसा न्हवं?"

"ओळखलं की."

"या की एकदा दुकानात. एवढं शिकवलंसा हिला, आणि हिच्या हातची कॉफी एकदाबी पिला न्हाईसा तुमी!"

त्याचा चेहरा तसाच होता, मोकळा. म्हणजे तिनं त्याला अजूनही काही सांगितलेलं नव्हतं. सिग्नल सुटला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. आनंदानं वळून त्यांच्याकडे हात केला आणि ओरडून म्हणाला, "थांबा की वाईच! आमचं साहेब हाईत!"

"येतो," मी म्हणालो, आणि काच वर केली.